श्वास सोडताना वास का येत नाही?

उगाच_विचारतो:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय, इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढतोय. साबणाची वडी नाकाजवळ धरा आणि नेहमीसारखा श्वास घेत राहा. आत घेताना वास येतो, सोडताना येत नाही, आणि श्वास रोखून धरला तर वडी नाकाला टेकवली तरी काही नाही. आता हवा तर दोन्ही वेळेला त्याच नाकातून जाते ना, आणि श्वास रोखला तरी नाकात हवा भरलेली असतेच, त्यात साबणाचे कण असणारच, मग वास जातो कुठे? डोळा उघडा ठेवला की दिसत राहतं, कानाला तर झाकणच नाही, मग नाकाचंच हे चालू-बंद चालू-बंद का?

त्यात अजून एक गोंधळ. कुठेतरी वाचलं की आपण जिला चव म्हणतो त्यातला बराच भाग वासाचा असतो आणि तो श्वास सोडताना येतो. म्हणजे एकीकडे सोडताना वास येत नाही आणि दुसरीकडे सोडतानाच येतो, नक्की काय?

आणि तिसरं, हळू श्वास घेतला तर नाकात कमी कण जाणार, जोरात हुंगलं तर जास्त जाणार, तरी वास मला तेवढाच तीव्र वाटतो. हा हिशोब मेंदू कुठे करतो? शोधून पाहिलं तर एकतर शाळेच्या पुस्तकातली आकृती मिळते नाहीतर डायरेक्ट रिसर्च पेपर, मधलं काहीच नाही. "मेंदू फार गुंतागुंतीचा अवयव आहे" असलं उत्तर नको प्लीज.

नाकासमोर:
पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगतो, तिसऱ्याला मेंदूवालं कोणीतरी लागेल.

वास ओळखणाऱ्या पेशी नाकपुडीत नसतातच. त्या वर नाकाच्या छताला, साधारण दोन डोळ्यांच्या मधोमध येतील एवढ्या उंचीवर, एका अरुंद फटीत असतात. शांतपणे श्वास घेत असाल तर आत येणाऱ्या हवेतली फक्त दहाएक टक्के हवा तिथवर चढते, बाकी सगळी खालच्या खाली घशाकडे निघून जाते. हुंगलं की वेग वाढतो आणि त्या फटीत कण जास्त पोचतात. श्वास रोखलात की हवा जागच्या जागी थांबते, फटीत जे थोडे कण होते ते ओलाव्यात विरघळून गेले, नवीन काही येत नाही, झालं. नाकात साबणाची हवा भरलेली असून उपयोग नाही, ती वर सरकली पाहिजे.

आता सोडतानाचं. बाहेर येणारी हवा साबणावरून आलेली नसते, फुप्फुसातून आलेली असते. आत जाताना साबणाचे बरेचसे कण नाकाघशाच्या ओल्या भिंतींनी शोषून घेतलेले असतात, आणि वर तुमचाच उच्छ्वास साबणाजवळची हवा लांब ढकलतोय. मग कुठून येणार वास.

पण तोंडात घास असेल तर गोष्ट उलटी. चावताना आणि गिळताना त्याचे कण पडजिभेच्या मागून वर चढतात आणि बाहेर जाणारी हवाच त्यांना मागच्या दाराने त्या फटीपर्यंत घेऊन जाते. म्हणजे सोडताना वास येतो, फक्त बाहेरच्या जगाचा येत नाही, आपल्या आत जे आहे त्याचा येतो. नाक चिमटीत धरून फळाच्या स्वादाची कुठलीही गोळी चघळा, गोड लागेल, आंबट लागेल, पण फळ कुठलं ते सांगता येणार नाही. मग चिमटी सोडून नाकाने श्वास सोडा. लगेच कळतं.

याचा जपानमध्ये डॉक्टरांनी भारी उपयोग करून घेतलाय. अलिनामिन नावाचं बी-१ जीवनसत्त्वाच्या जातीचं एक औषध हाताच्या शिरेतून देतात. ते रक्तातून फुप्फुसात जातं, तिथे त्याचा लसणीसारखा वास उच्छ्वासात उतरतो आणि मागून नाकात येतो. इंजेक्शन दिल्यापासून वास यायला किती सेकंद लागले आणि तो किती वेळ टिकला हे घड्याळ लावून बघतात, त्यावरून वासाची क्षमता किती शिल्लक आहे याचा अंदाज बांधतात. दंडात सुई टोचून नाकाला वास, आहे की नाही गंमत!

आणि पाण्याखालचं तर अजूनच. सस्तन प्राण्यांना वास घ्यायला हवा आत ओढावी लागते, पाण्यात ते शक्य नाही, म्हणजे पाण्याखाली वास नाही असं सगळे धरून चालले होते. केनेथ कॅटेनिया या जीवशास्त्रज्ञाने २००६ मध्ये दाखवलं की स्टार-नोज्ड मोल (नाकावर चांदणीसारखी बोटं असलेला चिचुंद्रीसारखा प्राणी) आणि वॉटर श्रू (पाण्यात शिकार करणारी चिचुंद्री) हे दोन छोटे प्राणी पाण्याखाली नाकातून हवेचा बुडबुडा समोरच्या वस्तूवर सोडतात आणि तोच बुडबुडा परत आत ओढतात. बुडबुड्यात वस्तूचा वास उतरलेला असतो. उंदीर जमिनीवर ज्या वेगाने हुंगतो साधारण त्याच वेगाने हे चाललेलं असतं.

सरळमार्गी:
म्हणजे थोडक्यात, हवा पोचली तर वास, नाही पोचली तर नाही. यात मेंदूचा काय संबंध? उगाच प्रत्येक गोष्टीत मेंदू आणायची फॅशन झालीये.

मनमोकळी:
नाकासमोर, तुम्ही "हवा वर सरकली पाहिजे" म्हणालात त्यावरून सांगते. माझ्या काकांचं स्वरयंत्र कॅन्सरमुळे काढलं, तेव्हापासून ते गळ्याला पुढून केलेल्या भोकातून श्वास घेतात. नाक अगदी ठणठणीत, त्यातल्या पेशीही ठणठणीत, पण नाकातून हवाच जात नाही त्यामुळे वास पूर्ण गेला. घरात काही जळलं तरी त्यांना पत्ता नसायचा. मग स्पीच थेरपिस्टने एक युक्ती शिकवली, ओठ मिटलेले ठेवायचे आणि आतून जबडा, जीभ, तोंडाचा तळ असं सगळं खाली ओढायचं, चारचौघांत जांभई आली की आपण ती कशी दाबतो तसं. तोंडात पोकळी वाढते आणि नाकातून थोडी हवा आत खेचली जाते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी बसवलेली पद्धत आहे म्हणे. सुरुवातीला काका नुसतेच वेडेवाकडे चेहरे करतायत असं वाटायचं, पण एके दिवशी बाथरूममधून ओरडत (म्हणजे त्यांच्या त्या यंत्राच्या आवाजात) बाहेर आले की साबण बदललाय का म्हणून. बदलला होता.

लॅबमधली:
मनमोकळी, मस्त किस्सा. काकांना नमस्कार सांगा.

सरळमार्गी, इतकं सोपं असतं तर माझी पीएचडी बरीच लवकर संपली असती. मी उंदरांच्या नाकावर आणि ऑल्फॅक्टरी बल्बवर, म्हणजे नाकातून आलेले वासाचे सिग्नल मेंदूत जिथे पहिल्यांदा पोचतात त्या भागावर, काम करायचे. नाकासमोरनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, पण ती अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी अशी की श्वास हा वासाला नाकापर्यंत आणून सोडणारा नुसता हमाल नाही, मेंदू वास वाचतो तोच मुळी श्वासाच्या तालावर. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

लॉर्ड एड्रियन म्हणून ब्रिटिश शास्त्रज्ञ होते, १९३२ चं नोबेल त्यांना विभागून मिळालेलं. त्यांनी १९४२ मध्ये हेजहॉगच्या (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) मेंदूत वासाच्या भागातून विजेचे सिग्नल टिपले. प्रत्येक श्वासाबरोबर तिथे लाटा उठतात असं त्यांना दिसलं. पुढच्या काळात हेही लक्षात आलं की हवेला काहीही वास नसला तरी ही लय चालूच राहते. मग प्रश्न असा की वासच नाही तर पेशी उत्तर कशाला देतायत? त्याचा एक मोठा धागा २००७ मध्ये हाती लागला, उंदराच्या वासाच्या पेशींपैकी बऱ्याच पेशी रसायनाबरोबर दाबालाही प्रतिसाद देतात असं दिसलं. म्हणजे हवा वरून सरकली हे त्यांना स्पर्शासारखं कळतं. एकच पेशी दोन गोष्टी सांगते, काय आलं आणि हवा कधी आली.

माणसातही असंच दिसतं. नोअम सोबेल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लोकांना एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारं स्कॅन यंत्र) झोपवून अजिबात वास नसलेली हवा हुंगायला लावली, तरी वासाच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या वास हाताळणाऱ्या भागात, हालचाल दिसली. नाक आतून बधिर केलं तर ती कमी झाली. म्हणजे मेंदूच्या त्या भागाला वास यायच्या आधी "हुंगणं चालू झालंय" ही बातमी जाते.

आता जरा आत शिरू. उंदरात वासाच्या रिसेप्टरचे (पेशीवरचे वासाचे कण पकडणारे रेणू) हजाराच्या आसपास प्रकार आहेत, माणसात कामाचे चारेकशे. या रिसेप्टरचे जीन्स लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधले, २००४ चं नोबेल त्यालाच. एका पेशीवर एकाच प्रकारचा रिसेप्टर, आणि एका प्रकारच्या सगळ्या पेशींच्या तारा बल्बमध्ये ठरलेल्या एक-दोन गाठींपाशी एकत्र येतात, त्या गाठींना ग्लोमेरुलस म्हणतात. तिथून बल्बमधल्याच मायट्रल पेशी सिग्नल उचलतात आणि सरळ पिरिफॉर्म कॉर्टेक्सला, म्हणजे वासाच्या कॉर्टेक्सला, पोचवतात. दिसणं ऐकणं हे सगळं आधी थॅलॅमस नावाच्या मेंदूतल्या मधल्या स्टेशनातून जातं, वासाला ती वाट पहिल्या फटक्यात घ्यावी लागत नाही.

बरेच दिवस लोक असं समजत होते की कुठल्या गाठी पेटल्या याचा नकाशा म्हणजेच वास. नकाशा आहेच, पण त्यात वेळ पण आहे आणि ती मोजायची कुठून हा खरा मुद्दा. आमच्याकडे उंदराच्या नाकात बारीक नळी बसवून आतला दाब मोजायचो, म्हणजे श्वास कधी सुरू झाला ते कळतं, आणि त्याच वेळी मायट्रल पेशींचे सिग्नल टिपायचो. स्क्रीनवर एकाखाली एक ओळी, एक ओळ म्हणजे एकदा वास दिला, एक ठिपका म्हणजे पेशीचा एक सिग्नल. वास कधी सोडला त्या क्षणापासून वेळ मोजून ओळी मांडल्या तर ठिपके इकडेतिकडे विखुरलेले, बघून वाटतं की ही पेशी काही कामाची नाही, इलेक्ट्रोड वाया गेला. मग तोच डेटा, तेच ठिपके, फक्त शून्य बदलायचं, उंदराने श्वास आत घ्यायला सुरुवात केली तो क्षण शून्य धरायचा. की सगळे ठिपके सरकून एका बारीक उभ्या पट्ट्यात येऊन उभे राहतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कोड परत चालवून बघितला, काहीतरी चुकीचं सॉर्ट झालंय असं वाटून.

दिमित्री रिनबर्ग यांच्या लॅबने हे २०११ मध्ये छापलं. काही पेशी श्वासाच्या सुरुवातीला बोलतात, काही मध्यावर, काही शेवटाकडे, सगळ्या मिळून पूर्ण श्वास व्यापून टाकतात, आणि वास बदलला की कोण कधी बोलणार हे बदलतं. वर्गात हजेरी घेताना कोण आधी "हजर" म्हणालं आणि कोण नंतर एवढ्यावरून वर्ग ओळखायचा, असं काहीसं.

आता तुम्ही म्हणाल, पेशी वेळेवर बोलत असतील पण उंदराला त्या वेळेचं काही आहे का? त्याच वर्षी त्याच गटाने ते पण तपासलं. असे उंदीर घेतले ज्यांच्या वासाच्या पेशी प्रकाशाने चालू करता येतात. वास काहीच नाही, नुसता प्रकाशाचा झोत, कधी श्वासाच्या या टप्प्यावर तर कधी त्या. झोत तोच, ताकद तीच, फरक फक्त श्वासात तो कधी पडला याचा. उंदरांना तो फरक सांगता आला, अगदी दहा मिलिसेकंदांच्या आसपासचा सुद्धा. पापणी लवायला याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागतो.

सरळमार्गी:
हे भारी आहे. पण उंदीर म्हणजे उंदीर, त्याचं सगळं आयुष्य नाकावर चालतं. माणूस एक श्वास तीन-चार सेकंद घेत बसतो, आपल्याला मिलिसेकंदांचं काय?

लॅबमधली:
रास्त शंका. उंदीर निवांत असताना सेकंदाला दोन-तीन श्वास घेतो, काही हुंगायला लागला की ते दहाच्या आसपास जातं, त्यामुळे त्याचा वेळेचा हिशोब बारीकच असणार. माणसाचं हुंगणं संथ. पण २०२४ मध्ये बीजिंगच्या एका गटाने असं यंत्र बनवलं की जे एका हुंगण्याच्या आत दोन वास ठरलेल्या अंतराने सोडतं. आधी अ मग ब, की आधी ब मग अ. दोघांत अंतर साठेक मिलिसेकंद असलं तरी लोकांना दोन्हीतला फरक जाणवत होता. पहिला कुठला हे नीट सांगता येईलच असं नाही, पण दोन्ही एकसारखे वाटत नव्हते. तेव्हा आपलं नाक संथ आहे हा समज जरा बाजूला ठेवायला हरकत नाही.

उगाच_विचारतो:
लॅबमधली ताई, दंडवत! पण माझा तिसरा प्रश्न राहिला. जोरात हुंगलं तरी वास तेवढाच का वाटतो?

लॅबमधली:
विसरले नव्हते, टाइप करायचा कंटाळा आला होता.

तुमचं निरीक्षण नेमकं आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग झाला, लोकांना हलकं आणि जोरात हुंगायला शिकवलं आणि वास किती तीव्र वाटतो ते विचारलं. हुंगण्याच्या जोराने उत्तर फारसं हललंच नाही. लांब उभा असलेला माणूस डोळ्यात छोटा उमटतो पण आपल्याला बुटका वाटत नाही ना, त्याच जातीचा हा प्रकार आहे असं त्यांनी म्हटलं.

हे जमतं कारण मेंदूला हवेच्या वेगाची बातमी वेगळी मिळते. एक तर वर सांगितलं ते, वासाच्या पेशींनाच हवेचा दाब कळतो. शिवाय हुंगायचा हुकूम मेंदूनेच दिलेला असतो, त्यामुळे किती जोरात ओढणार हे त्याला आधीपासून माहीत असतं. श्वासाची मूळ लय ब्रेनस्टेममधल्या (मेंदूचा मणक्याकडे जाणारा देठ) प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स नावाच्या छोट्याशा भागात तयार होते, १९९१ पासून तो ओळखीचा झाला. उंदीर हुंगताना मिशाही त्याच ठेक्यात हलवतो, त्यालाही ब्रेनस्टेमच धरून असतं, म्हणजे समोरच्या वस्तूचा वास आणि स्पर्श एकाच ठोक्यावर आत येतात.

आणि वेळेचा कोड इथे पण कामी येतो. वास तीव्र झाला की बऱ्याच जास्त पेशी पेटतात, नुसत्या संख्येवर गेलात तर हलका वास आणि तीव्र वास ही दोन वेगवेगळी द्रव्यं वाटतील. पण सगळ्यात आधी कोण पेटलं हे बघितलं तर तो क्रम बऱ्यापैकी टिकून राहतो, कारण त्या द्रव्याला सगळ्यात जास्त संवेदनशील असलेले रिसेप्टर कायम पुढेच असणार. रिनबर्ग यांच्याच लॅबचं २०१७ चं काम आहे यावर. उंदीर वास ओळखत असताना मध्येच प्रकाशाने गोंधळ घातला, तर श्वास सुरू झाल्यावर पहिल्या शंभरेक मिलिसेकंदांत घातलेला गोंधळ उंदराला चुकवतो, त्यानंतर कितीही घाला, फरक पडत नाही, त्याचं ठरलेलं असतं. उरलेला श्वास चालू असतो पण "काय आहे" याचा निकाल लागून गेलेला. त्याच्याही आधी २००३ मध्ये उचिदा आणि मेनन यांनी उंदरांवरच दाखवलं होतं की एका हुंगण्यात, दोनशे मिलिसेकंदांच्या आत, त्यांना वास ओळखता येतो.

आधी कोण पेटलं याला महत्त्व फार, असं माझं मत. यावर या क्षेत्रात भांडणं आहेत, नकाशावाले आणि वेळवाले असे दोन गट कॉन्फरन्समध्ये समोरासमोर आले की चहाच्या सुट्टीतही संपत नाही. मी वेळवाली.

अजून एक. उंदीर भराभर हुंगतो तेव्हा मागे कायम असलेला वास बल्बमध्येच दाबला जातो आणि नवीन आलेला वास उठून दिसतो, हे २००७ मध्ये बल्बची चित्रं घेऊन दाखवलंय. म्हणजे हुंगणं हे जास्त हवा ओढण्यासाठी असतं तसंच काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं ते निवडण्यासाठी पण असतं.

रात्रपाळी:
मी आयसीयूत काम करते, त्यामुळे हे वेगळ्या बाजूने बघितलंय. घाण वास आला की आपण श्वास तोडतो, हे ठरवून करत नाही, आपोआप होतं. सोबेल यांच्याच गटाने २००३ मध्ये मोजलं, वास नाकात पोचल्यापासून १६० मिलिसेकंदांच्या आसपास हुंगणं बदलायला लागतं. नुसती घाण वासाची कल्पना करायला सांगितली तरी लोक कमी हुंगतात आणि छान वासाची कल्पना करताना जास्त, हेही त्यांनीच दाखवलं. करून बघा, खरंच होतं.

यातून पुढे फार कामाची गोष्ट निघाली. मेंदूला मार लागून जे पेशंट काहीच प्रतिसाद देत नाहीत त्यांच्या नाकाशी शाम्पूसारखा चांगला वास आणि सडक्या माशासारखा घाण वास धरायचा आणि नाकातल्या हवेची मोजणी करायची. हात हलव म्हणावं लागत नाही, डोळे उघड म्हणावं लागत नाही, पेशंटला काही समजायची गरज नाही. घाण वासाला श्वास आखडला की झालं. २०२० मध्ये हे आलं, त्यात असं दिसलं की बेशुद्धावस्थेत गणलेल्या ज्या पेशंटनी असा प्रतिसाद दिला ते सगळे पुढे कमीजास्त शुद्धीवर आले. आमच्याकडे ही चाचणी नेहमीची नाही, आणि प्रतिसाद आला नाही म्हणजे आशा संपली असा अर्थ काढू नका, नातेवाईक हे वाचून येतात आणि पेशंटच्या नाकाशी अत्तर धरतात म्हणून मुद्दाम लिहितेय. मोजायला यंत्र लागतं, आपल्या डोळ्यांना तो फरक दिसत नाही.

पार्किन्सनच्या पेशंटचं पण. त्यांची वास घ्यायची क्षमता बरेचदा हाताला कंप यायच्या कितीतरी आधी जाते, पण २००१ मध्ये असं आढळलं की या तोट्यातला थोडा भाग हा हुंगणं कमजोर पडल्यामुळे असतो. जोरात हुंगायला लावलं तर काहींना सुधारतं. सगळा नाही, थोडा.

प्राणवायू_प्रेमी:
मग ते रील्समध्ये सांगतात ते खरं का, नाकाने श्वास घेतला की स्मरणशक्ती वाढते, अमुक नाकपुडीने घेतला की डावा मेंदू चालू होतो वगैरे? आता विज्ञानाने पण सिद्ध केलंय असं म्हणतात.

लॅबमधली:
यात एक दाणा खरा आहे आणि त्यावर पोतंभर भुसा.

खरा दाणा हा. २०१६ मध्ये क्रिस्टिना झेलानो यांच्या गटाने अपस्माराच्या मोजक्या पेशंटच्या मेंदूतून, ऑपरेशनसाठी आधीच बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून, सिग्नल घेतले. नाकाने श्वास चालू असताना वासाच्या कॉर्टेक्सबरोबर अमिग्डाला (भीती-भावनांचा भाग) आणि हिप्पोकॅम्पस (आठवणींचा भाग) हे भाग पण श्वासाच्या लयीत येत होते. तोंडाने श्वास घ्यायला लावला की लय ढिली पडली. मग निरोगी लोकांवर चाचणी केली, घाबरलेला चेहरा श्वास आत घेताना दाखवला तर जरा लवकर ओळखला जात होता, आणि आत घेताना दाखवलेल्या वस्तू जरा जास्त लक्षात राहत होत्या. तोंडाने श्वास घेतला तर हा फायदा गायब. २०१८ मध्ये अजून एक, लोकांना काही वास लक्षात ठेवायला दिले आणि मग तासभर एकदा नाकाने, एकदा तोंडाने श्वास घेत बसवलं. नाकवाल्या वेळी वास जास्त ओळखता आले. पण ते वासच होते, परीक्षेचा अभ्यास नव्हता.

भुसा हा की यातून "हुशार व्हा" असं काही निघत नाही. फरक छोटे आहेत, आणि तुम्ही दिवसभर बहुतेक वेळ नाकाने श्वास घेताच की.

नाकपुडीचं म्हणाल तर दोन नाकपुड्या आलटून पालटून जास्त मोकळ्या होतात हे खरं आहे, काही तासांचं ते चक्र असतं. जर्मनीत रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्येच त्याचं वर्णन केलंय. आणि त्याचा वासाशी थेट संबंध आहे, जो मला डाव्या-उजव्या मेंदूच्या गप्पांपेक्षा कितीतरी जास्त आवडतो. काही द्रव्यं ओलाव्यात पटकन विरघळतात, काही हळू. पटकन विरघळणारी वेगवान हवेत चांगली कळतात, नाहीतर ती फटीच्या तोंडाशीच अडकतात. हळू विरघळणारी संथ हवेत चांगली कळतात, नाहीतर बसायच्या आत निघून जातात. म्हणजे एक नाकपुडी मोकळी आणि एक चोंदलेली असेल तर दोघींना त्याच हवेतून थोडे वेगवेगळे वास मिळतात, १९९९ मध्ये हे मोजून दाखवलंय. सर्दीत एक बाजू बंद झाली म्हणून कुरकुरणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की थोडंसं बंद असणं ही तिची रोजची ड्युटी आहे.

सरळमार्गी:
मान्य. मेंदू आणायची फॅशन वगैरे म्हणालो ते राहू दे. शेवटचं एक विचारतो, झोपेत श्वास तर चालूच असतो, मग झोपेत वास येतो का? रात्री गॅस लीक झाला किंवा धूर झाला तर जाग येणार का?

रात्रपाळी:
त्या भरवशावर बसू नका. २००४ मध्ये झोपलेल्या लोकांना पुदिन्याचा वास आणि पिरिडिन नावाचं भयंकर वासाचं रसायन हुंगवलं. अगदी सुरुवातीच्या पेंगुळलेल्या अवस्थेत काही जणांना कळलं, गाढ झोपेत पिरिडिनने सुद्धा कोणी उठेना. आवाजाने मात्र उठत होते. धुराची सूचना देणारी यंत्रं ओरडणारी का असतात याचं उत्तर त्यात आहे.

लॅबमधली:
आणि तरी मेंदूला वास पोचलेला असतोच, हा त्यातला चमत्कारिक भाग. जाग येत नाही पण श्वास बदलतो. अनात आर्झी यांचं २०१२ चं काम आहे, झोपेत एका सुराबरोबर छान वास आणि दुसऱ्या सुराबरोबर घाण वास दिला. नंतर वास न देता नुसता सूर वाजवला तरी झोपलेली माणसं छान वासाच्या सुराला जास्त हवा ओढत होती आणि घाण वासाच्या सुराला कमी. सकाळी उठल्यावरही तसंच, आणि रात्री काय झालं हे एकालाही आठवत नव्हतं.

उगाच_विचारतो:
साबणाची वडी उशाशी ठेवून बघणार होतो, बायको नको म्हणाली. सगळ्यांना धन्यवाद, धागा सेव्ह करतोय. कॅटेनियांचा तो बुडबुड्याचा व्हिडिओ कुठे बघायला मिळेल का?

नाकासमोर:
मिळतो, स्टार-नोज्ड मोल अंडरवॉटर असं शोधा. स्लो मोशनमधला बघा, नुसत्या डोळ्यांनी बुडबुडा आत कधी गेला ते कळतच नाही.